माशांच्या पेटीचा तळ : खडी कोणती आणि किती



हल्ली आपल्या पुष्कळ घरांत बैठकीच्या खोलीत माशांची काचेची पेटी दिसते. नातवंडांच्या हट्टाखातर ती आणली जाते आणि चार महिन्यांत तिची सगळी उस्तवार आजी-आजोबांच्या गळ्यात पडते. पेटी केवढी घ्यावी, दिवा कोणता, हवेचा पंप कसला, मासे किती, याची चौकशी सगळेच करतात. तळाला घालायच्या खडीबद्दल मात्र कोणी विचारीत नाही. "ती काय, शोभेची!" असे म्हणून दुकानदार देईल ती पिशवी उचलली जाते. आम्ही उभयताही तसेच समजत होतो. मस्कतमध्ये आमची ही समजूत बारा माशांच्या जिवावर बेतली. तेव्हापासून खडीची निवड आणि तिचे माप यांचा जो हिशेब आम्ही शिकलो, तो येथे देत आहोत.

१९९८ साली नोकरीनिमित्त आम्ही मस्कतला रुवी भागात राहत होतो. धाकट्याने माशांचा ध्यास घेतला होता. मुंबईस तारापोरवाला मत्स्यालय त्याला एकदा दाखविले, तेवढेच निमित्त. दोन फुटी पेटी आणली. दुकानदार केरळी होता, त्याने परदेशी खडीची पिशवी पुढे केली आणि विचारले, "साब, कितना किलो चाहिए?" किती किलो हवी हे आम्हाला सांगता येईना, आणि भाव ऐकून घ्यावीशीही वाटेना. शेजारी रोह्याचे एक गृहस्थ होते, धाकटा त्यांना काका म्हणे. ते हसून म्हणाले, "अहो, खडी विकत कसली घेता? सगळा ओमान खडीचाच तर आहे!" बोलणे खोटे नव्हते. त्या वेळी तेथे सुटी गुरुवार-शुक्रवारची असे. गुरुवारी सकाळी दोन्ही कुटुंबे नखलच्या वाटेला लागली. वादी म्हणजे एरवी कोरडा असणारा आणि डोंगरात पाऊस झाला की घटकेत भरून वाहणारा ओढा. तशा एका वादीच्या पात्रातून आम्ही दोन बादल्या खडी वेचून आणली. पांढरी, राखी, कॉफीच्या रंगाची, मधूनच काळपट हिरवी. धुतल्यावर इतकी सुरेख दिसली, की विकतच्या खडीचे पैसे वाचले म्हणून आम्ही खूष झालो.

दुसऱ्याच दिवशी पेटीत बारा निऑन टेट्रा सोडले. निळ्या-तांबड्या रेघेचे हे नखाएवढे मासे मूळचे ॲमेझॉनकडच्या पाण्यातले. ते पाणी पावसाच्या पाण्यासारखे हलके आणि किंचित आंबट असते. धाकट्याने एक वही केली. रोज सकाळी शाळेला जाण्यापूर्वी मासे मोजून आकडा लिहायचा. पहिला आठवडा बारा. मग अकरा. मग नऊ. पुढची पाने उघडायला आम्हाला नको वाटे. दोन महिन्यांनी वहीत तीन हा आकडा होता. पाणी आरशासारखे स्वच्छ, घाण नाही, वास नाही. अन्न जास्त झाले म्हणावे तर मुलगा चिमटीचीही चिमटी करून टाकी. शेवटी आम्ही पाणी तपासण्याची कुप्यांची पेटी विकत आणली. नळाच्या पाण्याचा जडपणा तीन थेंबांत दिसला. माशांच्या पाण्याला अकरा थेंब लागले. आंबटपणा-खारेपणाचा आकडा, ज्याला पीएच म्हणतात, त्याची नळी गडद निळी झाली. याचा अर्थ पीएच त्या कुपीच्या मोजमापापलीकडे गेला होता. नळातून येते त्या पाण्यात हे नव्हते, म्हणजे पेटीत असलेल्या कशातून तरी ते आले होते. पेटीत पाणी, मासे आणि खडी, एवढेच होते.

जड पाणी म्हणजे शाळेच्या पुस्तकात ज्याला दुष्फेन म्हणत ते. त्यात साबणाला फेस येत नाही, कारण त्यात चुना आणि मॅग्नेशियम विरघळलेले असतात. आमची खडी बव्हंशी चुनखडीची होती. मासे श्वास सोडतात, उरलेले अन्न कुजते, त्यातून पाण्यात थोडीथोडी आंबट द्रव्ये तयार होतात. ती चुनखडीला हळूहळू खातात, चुना पाण्यात उतरतो आणि पीएच सव्वाआठाच्या आसपास जाऊन बसतो. आपण पाणी बदलतो, खडी पुन्हा चुना देते.

नुसत्या जड पाण्याने निऑन टेट्रा इतक्या लवकर मेले नसते. येथे आमची दुसरी चूक आड आली. माशांच्या मलमूत्रातून अमोनिया निघतो. त्याचा निकाल लावणारे सूक्ष्म जंतू पेटीत, विशेषतः खडीच्या दाण्यांवर, वस्ती करतात. ही वस्ती जमायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि आम्ही दुसऱ्याच दिवशी बारा मासे सोडले. पाणी सातच्या पीएचवर राहिले असते तर त्यातला बहुतेक अमोनिया निरुपद्रवी रूपात राहिला असता. पीएच सातावरून आठावर गेला की त्याच अमोनियातला विषारी भाग जवळजवळ दहापट होतो. घाई आमची आणि चुना खडीचा, या दोहोंनी मिळून मासे मारले. दुकानदाराने मासे रोगट दिले असा बोल आम्ही महिनाभर लावीत होतो, तो मनातल्या मनात मागे घेतला.

आता ओमानच्या दगडाविषयी थोडे सांगतो. आपल्यापैकी जे कोकणातून आलेले आहेत, त्यांना तेथील काळे डोंगर पाहून घर आठवते. आमचेही तसेच झाले. काळा दगड म्हणजे आपला अलिबाग-रेवदंड्याकडचा कातळ, तो पाण्याला काही करीत नाही, अशी आमची धारणा. पण मस्कतभोवतीचे ते काळे-तपकिरी डोंगर लाव्हाच्या थरांचे नाहीत. समुद्राच्या तळाखालचा, पृथ्वीच्या पोटातला खडक तेथे जमिनीवर चढून बसला आहे. जगभरचे भूगर्भशास्त्रज्ञ तो पाहायला समाईलच्या डोंगरात जातात. त्या खडकात मॅग्नेशियम भरपूर. त्याच्या भेगांतून पांढऱ्या शिरा धावतात, त्यांत चुन्याच्या जातीचे क्षार असतात. त्या डोंगरांतल्या काही झऱ्यांच्या पाण्याचा पीएच अकराच्याही वर असतो, म्हणजे कपडे धुण्याच्या सोड्याच्या पाण्यासारखा. शिवाय सोहारच्या मागच्या डोंगरांत फार प्राचीन काळापासून तांबे काढीत आले आहेत. तांबे गोगलगाईंना आणि कोळंबीला अगदी थोडेही सोसत नाही, माशांनाही ते घातकच. तेव्हा तिकडची खडी पेटीत घालण्याचे नावही काढू नये. उलट बाजूस जबल अखदरचा प्रचंड डोंगर पाहावा तर तो बराचसा चुनखडीचा. नखलच्या वादीत दोन्हीकडचे गोटे वाहत येऊन मिसळतात, आणि आमच्या बादलीत दोन्ही होते. समुद्रकाठची वाळू घ्यावी तर तिच्यात शिंपल्यांचा चुरा.

हे सगळे त्या पाण्यात अधिकच जाणवते. मस्कतच्या नळाला येणारे पाणी मुख्यतः समुद्राचे खारेपण काढून केलेले. अल घुब्रा येथील असा कारखाना १९७६ साली सुरू झाला. (याच विषयावरील संशोधनाची एक आंतरराष्ट्रीय संस्था १९९६ साली मस्कतमध्ये स्थापन झाली आणि तिच्या सभासदांत इस्रायलही आहे, ही गोष्ट आपल्या वाचकांना ठाऊक असावी म्हणून सांगितली.) गोड केलेल्या पाण्यात पुन्हा थोडे क्षार मिसळून ते नळाला सोडतात, तरी ते हलकेच असते. अशा पाण्याला स्वतःचा जोर कमी. खडी जशी, तसे ते होते. आता इस्रायलमध्येही अश्केलोनचा कारखाना २००५ साली सुरू झाल्यापासून समुद्राचे गोड केलेले पाणी पुष्कळ गावांना मिळते. तेव्हा ही गोष्ट केवळ मस्कतची म्हणून वाचू नये.

खडी तपासण्याची पहिली रीत स्वयंपाकघरातली आहे. वाळलेल्या खड्यांवर साधे व्हिनेगर टाकावे. बुडबुडे आले, कानाशी धरल्यावर चुरचुर ऐकू आली, की चुना आहे. येथे एक फसगत होते. सच्छिद्र दगडातून नुसते पाणी टाकले तरी हवेचे बुडबुडे निघतात. म्हणून शेजारी तशाच दुसऱ्या खड्यावर पाणी टाकून पाहावे. दोन्हींत सारखेच बुडबुडे येऊन थांबले तर ती हवा. व्हिनेगरचेच चालू राहिले तर चुना. मूठभर खडीतून वेगवेगळ्या रंगाचे निदान दहा-बारा खडे तपासावेत, कारण वादीची खडी म्हणजे मिसळीचे धान्य. काळ्या दगडाच्या पांढऱ्या शिरेवर वेगळा थेंब टाकावा.

परंतु व्हिनेगर सगळे सांगत नाही. काळा-हिरवा दगड फसफसत नाही, तरी मॅग्नेशियम सोडू शकतो. म्हणून दुसरी रीत बरण्यांची. एकाच वेळी नळाचे पाणी भरून घ्यावे. एका बरणीत नुसते पाणी, दुसऱ्या बरणीत तेच पाणी आणि तिसरा हिस्सा धुतलेली खडी. आठ दिवस घरात ठेवून दोन्हींचा जडपणा आणि पीएच मोजावा. नुसत्या पाण्याची बरणी कशासाठी, असे आमच्या धाकट्याने विचारले. उत्तर असे की नळाचे पाणी उघडे ठेवले की त्यात मिसळलेला वायू उडून जातो आणि खडी नसतानाही पीएच थोडा बदलतो. हा बदल खडीच्या माथी मारू नये.

आम्ही चार प्रकारची खडी घेऊन पाच बरण्या मांडल्या, तेव्हा खिडकीची फळी एखाद्या वैद्याच्या दुकानासारखी दिसू लागली. नुसत्या पाण्याला तीन थेंब. वादीच्या मिसळ खडीला पाच. कुरुमच्या किनाऱ्यावरची वाळू कितीदा धुतली तरी सहा. निवडून घेतलेल्या काळ्या खड्यांना चार. पोहण्याच्या तलावाच्या फिल्टरमध्ये घालतात ती धुतलेली गारेची वाळू, तिला तीन. म्हणजे शेवटची वाळू पाण्याला काहीच करीत नव्हती. बरणीत पाच आणि पेटीत अकरा, हा फरक का, असा प्रश्न आपल्याला पडेल. बरणीत मासे नसतात, कुजणारे काही नसते, म्हणून चुना खाणारी आंबट द्रव्येही तयार होत नाहीत. बरणीत एकदोन थेंबही वाढले तर पेटीत त्याहून बरेच वाढणार असे धरून चालावे.

इस्रायलमध्ये राहणाऱ्यांनी लक्षात ठेवावे, की किनारपट्टीवरचा पिवळसर कुरकार दगड चुन्यानेच सांधलेला असतो. अश्दोदच्या किनाऱ्यावर फिरताना शिंपल्यांची वाळू आणण्याचा मोह होईल, तोही आवरावा. गोलानचा काळा दगड मात्र आपल्या कोकणातल्या कातळाचा भाऊ शोभतो, पण त्याच्याही पोकळ्यांत पांढरे चुन्याचे स्फटिक असतात. ते तर आपल्या सह्याद्रीतल्या दगडातही सापडतात. म्हणून दगडाचा रंग पाहून निर्णय करू नये, थेंब टाकून करावा. रंगीत लेपाची निळी-गुलाबी खडी पोरांना आवडते. तिचा रंग पुढे पोपडे धरून सुटतो. आम्ही ती घेत नाही.

आता दाण्याचा आकार. सर्वसाधारण पेटीला दोन ते चार मिलिमीटरचा, म्हणजे मोहरीपासून ज्वारीच्या दाण्यापर्यंतचा गोलसर दाणा चांगला. त्यात वनस्पतींची मुळे धरतात आणि पाणीही खेळते. हरभऱ्याएवढी खडी दिसायला छान, पण उरलेले अन्न तिच्या फटींत जाऊन बसते आणि माशांना काढता येत नाही. तळाशी हुंगत फिरणारे कोरीडोरससारखे मिशीवाले मासे असतील तर मऊ वाळूच पाहिजे, नाहीतर टोकदार खडीने त्यांच्या मिशा झिजतात. गोल्डफिश खडी तोंडात घेऊन चघळतो आणि कधीकधी खडा त्याच्या घशात अडकतो. त्याला एकतर वाळू घालावी किंवा तोंडात मावणार नाहीत एवढे गोटे. तळाखाली जाळीची ताटली बसवून तिच्यातून पाणी ओढणारा जुन्या पद्धतीचा फिल्टर असेल तर वाळू चालत नाही, ती जाळीत उतरते आणि दाटते. त्याला तीन ते पाच मिलिमीटरची खडी हवी. वाळूचा थर जाड केला तर आतपर्यंत हवा पोहोचत नाही, काळे डाग पडतात आणि ढवळताच सडक्या अंड्याचा वास येतो. म्हणून वाळू दोन-तीन सेंटिमीटरच ठेवावी आणि अधूनमधून बोटाने हलवावी.

आता मापाकडे वळू. येथे बहुतेक मंडळी चुकतात, कारण जुन्या इंग्रजी पुस्तकांतला एक नियम तोंडोतोंडी झाला आहे. एक गॅलन पाण्याला एक पौंड खडी. आम्हीही कोणाकडून तरी तो ऐकला. मुळात गॅलन दोन प्रकारचे आहेत. अमेरिकन गॅलन ३.७८५ लिटरचा आणि विलायती ४.५४६ लिटरचा. पण खरी खोट वेगळीच आहे. ६० सेंटिमीटर लांब आणि ३० रुंद अशा दोन पेट्या घ्या. एक ३० सेंटिमीटर उंच, दुसरी ६०. दुसरीत दुप्पट पाणी राहील आणि नियमाप्रमाणे दुप्पट खडी लागेल. पण तळ तर दोन्हींचा सारखाच! खडी तळावर पसरायची आहे. तिचे माप पाण्यावरून काढणे म्हणजे घराची उंची पाहून सतरंजी विकत घेण्यासारखे आहे.

म्हणून हिशेब असा करावा. पेटीची आतली लांबी, आतली रुंदी आणि हव्या असलेल्या थराची जाडी, तिन्ही सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणावी आणि हजाराने भागावे. उत्तर लिटरमध्ये येते. ६० गुणिले ३० गुणिले ५, म्हणजे ९,०००. हजाराने भागून ९ लिटर. माप बाहेरून घेतले असेल तर काचेची जाडी दोन्ही बाजूंनी वजा करावी. सहा मिलिमीटरची काच असल्यास ५८.८ गुणिले २८.८ गुणिले ५, म्हणजे सुमारे साडेआठ लिटर. लहान पेटीत हा फरक सोडून दिला तरी बिघडत नाही, शिल्लक खडी पुढे उपयोगी पडते.

थर किती जाड ठेवावा? नुसते मासे असतील तर दोन-तीन सेंटिमीटर पुरेत. मुळे धरणाऱ्या वनस्पती लावायच्या तर पाच ते सात. समोर तीन आणि मागे सात असा उतार दिला तर पेटी खोल दिसते आणि कचरा पुढे गोळा होऊन नळीने ओढायला सोपा जातो. उताराचे माप काढताना पुढची आणि मागची जाडी मिळवून निम्मी करावी. तीन आणि सात दहा, निम्मे पाच. म्हणजे तेच नऊ लिटर. जाडी समोरच्या काचेवरून पाहू नये, काचेशी खडी चढलेली असते आणि डोळा फसतो. स्वेटर विणण्याच्या सुईवर खुणा करून ती चार ठिकाणी रोवून पाहावी. आमच्या घरी ही सुई पुढे विणकामाला परत गेलीच नाही.

दुकानात खडी किलोने मिळते, आणि आपला हिशेब लिटरचा. येथे आपल्या वाडवडिलांची आठवण होते. कोकणात भात पायलीने मोजीत आणि आपले शनवार तेली तेल मापाने देत. ताजवा नंतर. तसेच येथे करावे. एक लिटरचे माप कोरड्या खडीने काठोकाठ भरून तराजूत घालावे. बहुतेक खडी दीड किलोच्या आसपास भरते. नऊ लिटर गुणिले दीड, साडेतेरा किलो. आता दुकानदाराने विचारले तर उत्तर तयार आहे. जुन्या नियमाने याच दोन फुटी, ३६ सेंटिमीटर उंच पेटीला सतरा पौंड, म्हणजे पावणेआठ किलोच आली असती. तिचा थर जेमतेम तीन सेंटिमीटर होतो आणि वनस्पती मुळासकट वर तरंगतात.

हेच लिटरचे भांडे अजून एक गोष्ट सांगते. खडीने भरलेल्या त्या भांड्यात दुसऱ्या मापातून काठापर्यंत पाणी ओतावे. सुमारे चारशे मिलिलिटर पाणी मावते. म्हणजे एका लिटरात खरा दगड सहाशे मिलिलिटर, बाकीच्या फटी. आपल्या नऊ लिटर खडीने पेटीतली ५.४ लिटर जागा खाल्ली. हा आकडा कशाला हवा? औषधासाठी. माशांना बुरशी धरली, पांढरे ठिपके आले, तर औषध लिटरवर घालतात. ६० गुणिले ३० गुणिले ३६ असा गुणाकार करून आपण ६४.८ लिटर धरतो. पण पाणी काठापर्यंत भरीत नाहीत. ३३ सेंटिमीटरपर्यंत भरले तर ५९.४. त्यातून खडीचे ५.४ गेले, उरले ५४. दोन-चार मोठे दगड ठेवले असतील तर त्यांचे तीन लिटर गेले, उरले ५१. आपण औषध सव्वापट घालून बसलो! अशक्त माशाला एवढा फरक पुरतो.

वजनाचाही विचार व्हावा. ५१ किलो पाणी, साडेतेरा किलो खडी, आठेक किलो दगड, बाराएक किलो काच. पंच्याऐंशी किलोंचा हा ऐवज टीव्हीच्या लाकडी स्टँडवर ठेवू नये. भरलेली पेटी जागेवरून हलवणे तर कधीच नको. खाली खडी आणि वर पाणी, तळाची काच सांध्यात तडकते.

खडी घालण्यापूर्वी धुणे आलेच. अर्धी बादलीच घ्यावी, हाताने तळापासून ढवळावी, गढूळ पाणी ओतून टाकावे. आठ-दहा पाणी लागतात. साबण बिलकुल लावू नये. मस्कतमध्ये उन्हाळ्यात हे काम पहाटे करावे लागे, कारण गच्चीवरच्या टाकीतले पाणी दुपारी हात भाजेल इतके तापते. (तेथे उन्हाळ्यात गरम पाण्याचा बंब बंद ठेवून त्यातलेच पाणी थंड म्हणून वापरतात, ही गंमत नव्या माणसाला खरी वाटत नाही.) खडी पसरल्यावर तिच्यावर एक बशी ठेवून त्या बशीवर पाणी ओतावे, म्हणजे थर उखडत नाही. कोणा ओळखीच्यांची जुनी, चालती पेटी असेल तर तिच्यातली मूठभर खडी पातळ मोज्यात बांधून महिनाभर आपल्या पेटीत ठेवावी. सूक्ष्म जंतूंचे विरजण लागते. एवढे एक आम्हाला आधी कोणी सांगितले असते तर वहीत तीन हा आकडा आला नसता.

वादीच्या त्या दोन बादल्यांचे काय केले, हे सांगायचे राहिले. नखलला ऊन पाण्याचा झरा आहे. तेथे पाय बुडवून बसले की लहान लहान मासे येऊन पायांना टोचू लागतात. त्या दिवशी धाकटा तेथे तासभर हसत बसला होता. नंतर आमच्या लक्षात आले, की ते मासे त्याच खडीवर, त्याच चुन्याच्या पाण्यात जन्मभर मजेत राहतात. अल हूता गुहेतल्या अंधारात डोळे नसलेले मासे आहेत, त्यांचेही पाणी चुनखडीच्या डोंगरातूनच आलेले. म्हणजे खडी वाईट नव्हती. ती निऑन टेट्रांची नव्हती, इतकेच. तेथील मासे पकडून आणणे योग्य नव्हे, ते त्यांच्या झऱ्यातच बरे. आम्ही दुसरी पेटी घेतली, तिच्यात वादीची खडी नऊ लिटर मापून घातली, पाच आठवडे रिकामी चालविली आणि मग मॉली व गप्पी सोडले. या जातींना जड पाणीच मानवते. ते वाढले, आणि इतके वाढले की रोह्याच्या काकांकडे, त्यांच्याकडून आणखी दोन घरी गेले. पहिल्या पेटीत तलावाच्या फिल्टरची वाळू आली आणि उरलेल्या तीन निऑनना नवे सोबती मिळाले.

मस्कत सोडताना दोन्ही पेट्या शेजाऱ्यांना दिल्या. पेटीमागे धाकट्याने कागद चिकटवला होता : खडी वादीची, ९ लिटर, साडेतेरा किलो, खरे पाणी ५१ लिटर, औषध यावरच घालणे, निऑन सोडू नयेत.